खर्जाची वेगळी तार

बाबांना ऐकू येईनासं झालंय हे आम्हाला आधी कळलं आणि बाबांना नंतर, असं आम्ही बरेच दिवस समजत होतो. ते कचेरीतून आले की अंगणातल्या रांजणातलं पाणी पायांवर घ्यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट ओढून बसायचे. आई चुलीकडं तोंड करून दिवसभराचं सांगत राहायची आणि ते मधूनमधून "हं" म्हणायचे. ते "हं" हळूहळू भलत्या जागी पडायला लागलं. आई विचारायची, "तामलवाडीची मंडळी उद्या येणार का परवा?" आणि बाबा म्हणायचे, "हं." आई मागं वळून बघायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची. येसराच्या आमटीला फोडणी बसली की "आज लसूण करपला बघ" किंवा "आज घाई केलीस" असं काहीतरी ते नेमानं म्हणायचे, कारण लसूण कितपत तळला हे त्यांना फोडणीच्या आवाजावरून कळायचं. ते म्हणणं बंद झालं. आई चुलीपाशी तिरकी बसायला लागली, म्हणजे तिचं तोंड त्यांना दिसावं. तसं बसून तिची कंबर भरून यायची, आणि दुपारी मी तिला तेल लावून द्यायची. त्या तेलाचा आणि त्या "हं"चा काही संबंध आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाबा तहसील कचेरीत होते. निजामाच्या वेळी सगळं दफ्तर उर्दूत चालायचं आणि बाबांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं, म्हणून गाव त्यांना मुन्शी म्हणायचं. संस्थान गेलं, दफ्तर मराठीत आलं, तरी मुन्शी हे नाव राहिलं. पण त्यांची खरी ओळख मंगळवारची. आमच्या गल्लीच्या टोकाला महादेवाचं लहान देऊळ आहे, तिथं दर मंगळवारी संध्याकाळी भजन असायचं आणि बाबा पुढं बसून गायचे. मंगळवारी कचेरीतून जरा लवकर येऊन ते तंबोऱ्याची गवसणी काढायचे, ती घडी घालून मांडीखाली घ्यायचे आणि तंबोरा लावायला बसायचे. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज. पहिल्या तिन्ही पोलादाच्या, खर्ज पितळेचा, जाड. खर्ज लागला की घरातली हवा जरा जड झाल्यासारखी वाटायची. फडताळातल्या पितळी ताटांपैकी एक ताट बारीक थरथरायचं आणि आई म्हणायची, "लागला हो, ताट बोललं." ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. पुस्तक उघडून ओसरीवर बसलेली असायची आणि ऐकायची की बाबा खुंटी पिळताहेत, तार छेडताहेत, पुन्हा पिळताहेत. ताट बोलून जायचं आणि बाबा तरी खुंटी पुढं पिळायचे.

आता माझाही डावा कान गेला आहे. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र टेबलाच्या खणात असतं, कारण त्यातून माणसांपेक्षा पंख्याचा आवाज जास्त येतो. तेव्हा बाबांना काय होत असेल, हे मी त्या काळी पुष्कळ विचार करूनही समजू शकले नाही. आता काहीच विचार न करता समजतं.

भजनी मंडळाचे कर्ते नाना. गावच्या देवीच्या महाद्वाराच्या रस्त्याला त्यांचं कवड्यांच्या माळा, कुंकू आणि परड्यांचं दुकान होतं. बाबा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, एकमेकांना अरेतुरे करणारे. नाना पेटी वाजवायचे. माणूस तोंडानं फटकळ, पण आमच्या घरी कुणी आजारी पडलं तर दिवसातून तीन वेळा येऊन जाणार. श्रावण सरता सरता एकदा ते बाबा कचेरीत असताना आले, ओसरीवर टेकले आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून बराच वेळ तसाच ठेवला.

"वहिनी, रागावू नका. पण मुन्शीचा सूर आता बसत न्हाय. म्या पेटीवर काळी दोन धरतो, हा कुठंतरी मधेच धरतो. बरं, एकदा धरला तर सोडत बी न्हाय. गेल्या मंगळवारी पोरं तोंडात उपरणं कोंबून हसत होती."

आई म्हणाली, "मग?"

"मग काय. पौषातल्या नवरात्रात आपली सेवा असती. बाहेरगावची माणसं असत्यात. या खेपेला पुढं दुसऱ्या कुणाला बसवू. मुन्शीला मागं बसवू, हातात टाळ देऊ. टाळाला काय, कानाची गरज न्हाय."

"टाळाला कान लागत नाही, हे तुम्ही म्हणताय भावजी?"

नाना ओशाळले. बशीतला चहा एका घोटात संपवून म्हणाले, "तुमी सांगा त्याला. माझ्यानं व्हायचं न्हाय."

"मला तरी कुठं सांगवतंय," आई म्हणाली. नाना गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "तू सांग शांते. तू शिकलेली आहेस, तुझं ते ऐकून घेतील." मी हो म्हणून मान हलवली. पौषाला अवकाश होता आणि अवकाश आहे तोवर माणूस सांगत नाही. बाबांच्या दिवसभरात मंगळवार सोडला तर होतं काय? कचेरीत आता त्यांच्या अक्षराला कुणी विचारत नव्हतं. नवे कारकून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलणारे आणि घाईचे होते. पुढची बैठक गेली असती तर ते घरी येऊन पाटावर बसले असते आणि "हं" म्हणत राहिले असते. आईला तीच धास्ती होती आणि मलाही.

माझा थोरला भाऊ दत्ता, आमचा दादा, सोलापूरला रेडिओ दुरुस्तीचं काम शिकून आला होता आणि लग्नकार्याला लाऊडस्पीकर लावून द्यायचा. त्याच्या ॲम्प्लिफायरला सगळे मशीनच म्हणायचे. एक मोटारीची बॅटरी, ते मशीन, दोन भोंगे आणि एक माईक, एवढं त्याचं भांडवल. मंडळाच्या सेवेला तोच भोंगा लावायचा. पण माईक पेटी आणि पखवाज उचलायचा, तंबोरा त्यात कुठंच ऐकू यायचा नाही. नाना चार माणसांत म्हणायचे, "दत्ता, तुझ्या भोंग्यात तुझ्या बापाचा तंबोरा तेवढा मुका हाय." तर दादानं एक युक्ती काढली. पोलीस ॲक्शननंतर लष्कराचं जुनं सामान सोलापूरच्या बाजारात ढिगानं विकायला यायचं, त्यातले कानाला लावायचे फोन त्यानं आणून ठेवले होते. त्यातल्या एका फोनाचं झाकण काढून, आतला गोल पत्रा काढून टाकून, उरलेलं लोहचुंबक आणि त्यावरची बारीक तारेची गुंडाळी त्यानं तंबोऱ्याच्या घोडीजवळ तारांखाली बसवली. चुंबकाजवळ तार थरथरली की गुंडाळीत वीज उठते आणि मशीन ती मोठी करतं, असं त्यानं मला समजावून सांगितलं होतं. याहून खोलात विचारायचं तर आता विचारायला तो नाही. गेल्या पावसाळ्यात दादा गेला. हे लिहिताना मी दोनदा त्याला फोन करायला उठले.

पहिली चाचणी देवळातच झाली, सगळ्या मंडळासमोर. मशीन तापलं, आतले काचेचे दिवे लाल झाले, बाबांनी तारा छेडल्या. भोंग्यातून पंचम आला, जोड आला, दुसरा जोड आला आणि चौथ्या जागी काहीच नाही. पुन्हा छेडल्या. तीन आवाज आणि एक भोक. दादानं वायरी हलवल्या, मशीनच्या पाठीवर थापट्या मारल्या. चौथी जागा रिकामीच. नाना पेटीवर कोपर टेकून बघत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तुझ्या यंत्राला खर्जच ऐकू येत न्हाय की रं! बापावर गेलंय जणू!"

सगळे हसले. पखवाजवाला तर मागं कलंडला. बाबांनी मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं आणि तेही हसले, जरासे उशिरा, जसं माणूस न कळलेल्या विनोदाला हसतो. दादाचं तोंड उतरलं. नानांनी जीभ चावली, पण बोललेलं बोललं गेलं होतं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. आई उठून देवाला प्रदक्षिणा घालायला लागली, आणि ती नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ घालत राहिली.

चूक साधी होती. घरी आल्यावर दादानं लोहचुंबक एकेका तारेजवळ नेलं. पोलादाच्या तारा लगेच त्याच्याकडं ओढ घेत होत्या, खर्ज जागचा हलला नाही. पितळ चुंबकाला दाद देत नाही. सोलापूरच्या दुकानात रेडिओ यायचे, तंबोरे येत नसत. आणि तंबोरे करणाऱ्यांना चुंबकाचं काय काम? दादा त्या तारेकडं बघत बसला आणि मग म्हणाला, "शांते, पितळ काढतो. पोलादाची जाड तार घालतो." मिरजेहून तार मागवली. बाबांनी ती चढवताना कुरकुर केली. पितळेचा सूर पिकलेला असतो, ही तार कच्ची आहे, म्हणाले. पण चढवली. मुलानं चारचौघांत हार खाल्ली होती, ती त्यांनी पाहिली होती.

तार आली ती भाद्रपदात, देवी निद्रेला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आश्विनातल्या नवरात्राआधी आठ-नऊ दिवस देवीची मूर्ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. त्या दिवसांत आमच्या घरात मोठा आवाज करायचा नाही, अशी आजोबांपासूनची रीत होती. गाव पाळत होतं असं नाही, रस्त्यावर गोंगाट नेहमीचाच असायचा. पण आमच्याकडं उखळ बंद, कपडे धोपटायचे ते ओढ्यावर नेऊन, आणि एकमेकांना हाक मारायची ती जवळ जाऊन. दार आपटलं तर आई नुसती बघायची. अशा घरात भोंगा लावून तंबोरा वाजवणं शक्यच नव्हतं, आणि दादाला तर तार ऐकल्यावाचून चैन नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं मशीन कमी केलं, भोंग्याची वायर काढली आणि त्याच जागी लष्करी सामानातला एक कानाचा फोन जोडला. "आता देवीची झोप मोडायची नाही," तो हळूच म्हणाला. बाबा तंबोरा घेऊन बसले. खर्ज छेडला. दादा फोन कानाला लावून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उजळला. मग मी ऐकलं. चौथा आवाज आला होता.

"मला बघू," बाबा म्हणाले.

त्यांनी फोन हातात घेतला. डोक्यावर टोपी होती, एक हात तारेवर होता, म्हणून त्यांनी तो फोन टोपीच्या काठाखाली खोचला. खोचताना तो कानावर न बसता कानामागच्या हाडावर बसला. दादा तो सरकवायला पुढं झाला, पण बाबांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं. खर्ज पुन्हा छेडला. पुन्हा. मग दुसऱ्या हातानं खुंटी हळूच पिळली, थांबले, आणखी केसभर पिळली. फडताळात ताट बोलायला लागलं. बाबांची खुंटीवरची बोटं थांबली. कितीतरी महिन्यांत ती बरोबर जागी थांबलेली मी पाहिली नव्हती.

"कितीतरी दिवसांनी भेटला रे," ते म्हणाले. हलक्या आवाजात म्हणाले, घरची रीत म्हणून. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आतून बराच वेळ भांडं घासल्याचा आवाज येत राहिला, तोही अगदी हळू.

पुढचं मागणं बाबांचं होतं. चारही तारा एकाच वायरीतून कानात आल्या की बाकीच्या तिन्ही त्यांना माश्या घोंगावल्यासारख्या वाटायच्या आणि खर्ज त्यात बुडायचा. "मला ही एकच दे," ते म्हणाले. "बाकीच्या लोकांना दे." आणि दादालाही ते सोयीचं होतं, कारण खर्जाची जाड तार भोंग्यात गेली की भोंगा फाटल्यासारखा वाजायचा, एवढा खालचा सूर त्याला पेलत नव्हता. तेव्हा दोन गुंडाळ्या करायच्या ठरल्या. पहिली तीन तारांखाली, तिची वायर मोठ्या मशीनला आणि तिथून भोंग्याला. दुसरी फक्त खर्जाखाली, तिची वायर एका जुन्या रेडिओच्या पोटातून काढलेल्या लहान मशीनला आणि तिथून बाबांच्या टोपीखाली, त्याच हाडावर, कारण कानापेक्षा हाडातून त्यांना जास्त पोचत होतं. वाटा पार निराळ्या, एकीचं दुसरीत जायचं नाही. त्यासाठी तंबोऱ्याला, गळ्याच्या लाकडात, दोन भोकं पाडावी लागली. बाबांनी तो दिवस कचेरीतल्या कामाचं निमित्त करून बाहेर काढला. दादानं गिरमिट लावलं तेव्हा पिवळा भुसा आईच्या सारवलेल्या जमिनीवर पडला. तिनं तो झाडून उकिरड्यावर टाकला नाही, तुळशीत टाकला. दोन्ही भोकांत बसणाऱ्या पिना दिसायला सारख्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी दादानं त्यांची अदलाबदल केली. बाबांच्या डोक्यात माश्या आणि बाहेर भोंगा खरखरला. मग आईनंच एकीला आणि तिच्या भोकाला हळदीचं बोट लावलं आणि दुसऱ्या जोडीला कुंकवाचं. "हळद कानाची, कुंकू भोंग्याचं. आता चुकलास तर बघ," ती दादाला म्हणाली. त्या दिवसांत ती हसायची. ती हसते आहे हे मला आठवतं, कारण त्याआधीचे बरेच महिने ती हसली नव्हती.

नानांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते एकदा-दोनदा आईला म्हणाले, "मग, बोललात का मुन्शीशी?" आई म्हणायची, "सेवेच्या दिवशी बघू भावजी." मंगळवारी बाबांनी तब्येतीचं कारण काढून जायचं थांबवलं होतं आणि घरीच रियाज चालला होता. पौष आला. शेतांत हुरडा भाजायला लागले, पहाटे अंगणातल्या पाण्यात बोट घालवत नसे. सेवेच्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं, सोनारी गावाकडचेही काही पाहुणे आले होते. बाबा तंबोरा घेऊन आत शिरले आणि सरळ पुढच्या जागी जाऊन बसले. नानांनी आईकडं पाहिलं. आईनं खाली पाहिलं. ज्या तरुण कारकुनाला नानांनी गायला सांगून ठेवलं होतं तो अर्धा उठलेला होता, तो तसाच खाली बसला. दादानं हळदीची पिन एका भोकात घातली, कुंकवाची दुसऱ्यात, आणि लहानसा फोन बाबांच्या टोपीखाली खोचला.

नाना कुजबुजले, "दत्ता, हे काय लावलंय?"

"खर्ज आहे नानाकाका. वेगळा काढलाय."

बाबांनी सूर लावला. नानांनी काळी दोन धरली, भात्यावरचा हात क्षणभर थबकला आणि त्यांनी बाबांकडं असं पाहिलं की त्याचं वर्णन मला अजून करता येत नाही. सूर चिकटला होता. पेटीत आणि त्या आवाजात सुईभर जागा नव्हती. पहिलं चरण झालं, मंडळींनी मागून ते झेललं, बाबांनी दुसरं उचललं. आणि तिथं मला कळलं की काहीतरी निराळंच बिघडतंय. मंडळींचं झेलणं पुरं व्हायच्या आतच त्यांनी चरण उचललं होतं. पखवाजवाल्यानं कसंबसं सांभाळून घेतलं. तिसऱ्याला ते उशिरा आले, मंडळी गप्प होऊन वाट बघत राहिली आणि देवळात नुसता भोंगा घोंगावत राहिला. त्यांना सूर ऐकू येत होता, दुसरं काहीच येत नव्हतं. पूर्वी थोडंबहुत जे कानावर पडायचं तेही आता त्या एका तारेखाली झाकलं गेलं होतं. ते डोळे मिटून, सुरात, आम्हा सगळ्यांपासून दूर निघाले होते. पखवाजवाल्यानं नानांकडं पाहिलं. मागं कुणीतरी खाकरलं. आईनं माझा हात धरला, आणि तो इतका घट्ट की बांगडीचा वळ उठला.

तेव्हा पेटी थांबली. नानांनी भाता सोडून दिला, पेटी पुढं ढकलली, आणि सरकत सरकत बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी ठेका द्यायला सुरुवात केली, पखवाजाबरोबर, बोटांनी. मंडळींचं झेलणं संपलं की तळवा दाबायचे, म्हणजे उचल. बाबांनी डोळे उघडले. मग पुन्हा मिटले, पण आता ते आमच्यात होते. सेवेचं सगळं भजन तसं झालं, पेटीवाचून, नानांच्या तळहातावर. आरतीच्या वेळी सोनारीचे एक म्हातारे बाबांना म्हणाले, "मुन्शी, काय सूर हो!" बाबांनी त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नाना सकाळीच आले, हातात हुरड्याचं पुडकं. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि दही दिलं, दोघे ओसरीवर खात बसले. मी पुस्तक घेऊन तिथंच होते. नाना बाबांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलत होते.

"मुन्शी, काल सूर असा लागला बघ, वीस वर्षांत न्हाय लागला."

"लागला," बाबा म्हणाले. हुरड्याचे दाणे तळहातावर चोळून त्यांनी फुंकर मारली. "पण तुझी पेटी नाही ऐकली मी. यांचं कुणाचंच नाही. त्या एका तारेत एकटाच बसलो होतो रे. तू हात ठेवलास म्हणून कळलं, माणसं आहेत."

"मग ठेवीन की हात. दर मंगळवारी ठेवीन. पेटी दुसरा कुणी वाजवंल."

"आणि तू काय, माझ्या गुडघ्याचा पखवाज्या होणार?" बाबा हसले. मग म्हणाले, "त्या कारकून पोराला पुढं बसव. गळा चांगला आहे त्याचा. काल बिचारा अर्धा उठून बसला."

नानांचा घास हातात राहिला. "तुला दिसलं?"

"दिसतं की. ऐकू येत नाही, आंधळा थोडाच झालोय? तुझा तो यंत्रावरचा विनोदही मला त्याच दिवशी कळला होता. सगळ्यांची तोंडं हसत होती आणि माझी बायको प्रदक्षिणा घालत सुटली होती. काय बोलला असशील, हे ओळखायला कान कशाला पाहिजे?"

डोळे पुसायचे म्हणून नानांनी उपरण्यानं अख्खं तोंड पुसलं. मग म्हणाले, "टाळ घेतोस?"

"टाळ नको. तंबोरा धरतो, मागं बसून. खर्ज माझ्याइतका स्वच्छ या गावात आता कुणाला ऐकू येत नाही."

आणि तसंच झालं. तो कारकून पुढं बसायला लागला आणि बाबा त्याच्या पाठीशी, टोपीखाली फोन खोचून, तंबोऱ्यावर. नाना पुढं कितीतरी वर्षं सांगायचे की आमच्या मंडळाचा तंबोरा कधी उतरला नाही. सगळे म्हणायचे की दत्तानं बापाला वाचवलं. दादाही हसून मान डोलवायचा. मला मात्र त्या वर्षाचा शीण आठवतो. बाबांनी पुढची जागा सोडली, ती कुणी काढून घेतली नाही, एवढंच आम्ही मिळवलं होतं. ते कमी नव्हतं. पण त्यांचं "हं" म्हणणंही हळूहळू थांबलं, आणि आई पुन्हा चुलीकडं सरळ तोंड करून बसायला लागली.

संध्याकाळी कचेरीतून आले की ते मधल्या खोलीत तंबोरा घेऊन बसायचे. तीन तारांना हातच लावायचे नाहीत. फक्त खर्ज छेडत राहायचे, एक छेडला, विरू दिला, पुन्हा एक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा डुलकी घेतोय. जेवायची हाक त्यांना पोचत नसे. खांद्याला हात लावला तर दचकायचे. मग आईनंच एक रीत पाडली. ताट वाढून झालं की ती ओले हात पदराला पुसत यायची, त्यांच्यासमोर खाली बसायची आणि खर्जाच्या तारेवर एक बोट टेकवायची. त्यांच्या डोक्यातला आवाज थांबायचा. ते डोळे उघडायचे, आई समोर. एकही शब्द न बोलता दोघं उठायची. मी नोकरीला लागले, माझी दूरच्या गावी बदली झाली, सुट्टीत घरी यायची तेव्हा रोज हे बघायची, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

आई बाबांच्या आधी गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, दादा त्याच्या कामावर परत जायला लागला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी स्वयंपाक केला. बाबा मधल्या खोलीत बसले होते, डोळे मिटून, तार छेडत. मी ताट वाढलं, भाकरी गार होत होती, आणि दारात उभी राहून मी किती वेळ नुसती बघत होते ते मला सांगता यायचं नाही. मग आत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि तारेवर बोट टेकवलं. तार बोटाखाली जराशी थरथरली आणि गप्प झाली. बाबांनी डोळे उघडायच्या आधी चेहरा वर केला. मग डोळे उघडले. माझ्याकडं पाहत राहिले.

"तू होय," ते म्हणाले, आणि उठले.